‘येतो’ म्हणून जाणारी पट्टी

आपल्याकडे घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. लहानपणी मी एकदा ‘आई, जातो गं’ असं ओरडून शाळेला पळालो होतो. तिने मला फाटकातून परत बोलावलं, ‘येतो’ म्हणायला लावलं आणि मगच सोडलं. तेव्हा मला हा निव्वळ जुनाट हट्ट वाटला होता. पुढे कितीतरी वर्षांनी, मोबाइलच्या स्क्रीनवरच्या एका क्षुल्लक पट्टीने मला त्या शब्दाचा अर्थ समजावून दिला.

मंडळी, मी मोबाइलवर चालणारी ॲप तयार करण्याचं काम करतो. मी म्हणतो ती पट्टी तुम्ही रोज पाहता, पण तिच्याकडे लक्ष जात नाही. कोणतंही ॲप उघडा. वरच्या बाजूला एक आडवी पट्टी दिसेल. डावीकडे मागे जाण्याचा बाण, शेजारी त्या पानाचं नाव, उजवीकडे भिंगाचं चिन्ह किंवा तीन टिंबं. आमच्या धंद्यात तिला नॅव्हिगेशन बार म्हणतात. आपण कुठे आहोत आणि इथून परत कसं जायचं, या दोन प्रश्नांची उत्तरं देणं हे तिचं काम. आता बोटाने खालचा मजकूर वर सरकवा. पुष्कळ ॲपमध्ये ही पट्टी हळूहळू आक्रसते. मोठ्या अक्षरांतलं नाव लहान होतं, खालचं चित्र विरत जातं आणि शेवटी एक बारीकशी पट्टी तेवढी उरते. मजकूर पुन्हा खाली ओढला की ती परत उमलते. एवढी साधी गोष्ट, पण ती नीट करायला आम्हाला काही महिने लागले.

मुळात पट्टी मिटवायचीच कशाला? कारण जागा. २००७ साली पहिला आयफोन आला, तेव्हा त्याचा स्क्रीन होता साडेतीन इंचांचा. त्यावर ठिपक्यांच्या ४८० आडव्या ओळी मावत. त्यांतल्या २० घड्याळ आणि बॅटरीला, ४४ या वरच्या पट्टीला आणि ४९ तळाच्या बटणांच्या पट्टीला जात. बेरीज झाली ११३, म्हणजे जवळजवळ पाव स्क्रीन. दहा बाय बाराची खोली भाड्याने घ्यावी आणि त्यात घरमालकाचं कपाट आधीच ठेवलेलं असावं, तशी गत. वाचणाऱ्याला वाचायचा असतो मजकूर, आणि जागा अडवून बसलेल्या असतात पाट्या.

मग फोनवाल्यांनी हे कपाट हलवायला सुरुवात केली. २०१३ साली आयफोनच्या सातव्या आवृत्तीत सफारी हा ब्राउझर बदलला. पान वर सरकवलं की तळाची बटणं निघून जाऊ लागली आणि वरची पत्त्याची पट्टी बारीक होऊ लागली. बारीक झाली तरी त्या संकेतस्थळाचं नाव मात्र तिच्यावर राहत असे. हे ‘मात्र’ किती महत्त्वाचं आहे ते आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं.

२०१६ साली आम्ही चार मित्रांनी औषधांच्या वेळा सांभाळणारं एक छोटंसं ॲप केलं. घरातल्या प्रत्येकाची वेगळी यादी. वरच्या पट्टीवर यादी कोणाची ते नाव, आणि खाली गोळ्या: कोणती, किती, केव्हा. यादी सरकवायला लागलं की वरची पट्टी एकदम नाहीशी व्हायची. त्यामुळे स्क्रीनवर गोळ्यांच्या दोन ओळी जास्त मावू लागल्या, आणि आम्ही स्वतःवर खूष झालो.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझी आत्या. साताऱ्याला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. आतोबांची, म्हणजे तिच्या यजमानांची, बायपास झाली होती. त्यांना नऊ गोळ्या आणि तिला स्वतःला चार. दर रविवारी संध्याकाळी ती दोघांच्या सात-सात खणांच्या डब्या भरायची. एका रविवारी मध्येच शेजारच्या बाई आल्या. त्यांना चहा देऊन आत्या परत बसली, तेव्हा फोनवर आतोबांची यादी मधोमध सरकलेली होती. वरचं नाव गेलेलं. आपलीच यादी समजून तिने स्वतःच्या डबीच्या सातही खणांत एक गोळी टाकली. ती आतोबांची रक्त पातळ करणारी गोळी होती.

अनर्थ झाला नाही, कारण उरलेल्या गोळ्या मोजून ठेवायची तिला जुनी सवय. आतोबांच्या पाकिटात सात कमी भरल्या आणि तिला शंका आली. रात्री तिचा फोन आला.

‘‘अरे, यादीच्या डोक्यावरचं नाव काढून टाकलंस का तू?’’

‘‘काढलं नाही आत्या, लपवलंय. यादी जरा खाली ओढ, येईल परत.’’

‘‘ते मला कसं कळावं? जाताना सांगून गेलं का ते?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे बसलो, तेव्हा दोन चुका समोर आल्या. पहिली, जे नाव कधीच जायला नको ते आम्ही घालवलं होतं. दुसरी, ते घालवलं होतं एकाएकी. दिवा विझावा तशी पट्टी एका क्षणात नाहीशी व्हायची. डोळा तेव्हा खालच्या गोळीवर असतो, त्यामुळे वर काय झालं हे मनापर्यंत पोचतच नाही. तीच पट्टी बोटाबरोबर सरकत, आक्रसत गेली असती तर ती कुठे गेली हे दिसलं असतं. आणि जी गोष्ट आपल्या बोटाने गेली, ती बोट उलटं फिरवलं की परत येणार, हे कोणी शिकवावं लागत नाही. मागे सारलेला पडदा पुढे ओढता येतो, हे लहान मूलही जाणतं.

ही हळूहळू मिटणारी पट्टी चालते कशी, ते आता सांगतो. गणित शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे जात नाही. अँड्रॉइड फोनवर मोजमापाला डीपी नावाचं एकक असतं. १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच. आमची पूर्ण उघडलेली पट्टी आम्ही १५६ डीपी उंच धरली आणि पूर्ण मिटलेली ५६. फरक शंभराचा. उघड्या पट्टीत नावाची अक्षरं ३२ मापाची, मिटलेल्या पट्टीत २० मापाची. फरक बाराचा.

आता यादी किती सरकली, एवढं एकच फोनला विचारायचं. २५ डीपी सरकली असेल तर काम चार आणे झालं. पट्टीची उंची शंभरातल्या पंचविसाने कमी, म्हणजे १३१. अक्षर बारातल्या तिनाने कमी, म्हणजे २९. यादी ५० सरकली की उंची १०६ आणि अक्षर २६. ७५ सरकली की ८१ आणि २३. शंभरावर पोचली की ५६ आणि २०, आणि तिथे थांबायचं. यादी पुढे हजार डीपी सरकली तरी पट्टी ५६च्या खाली जाणार नाही. उलट, यादी अगदी वरच्या टोकाला असताना कोणी आणखी खाली ओढली तरी ती १५६च्या वर वाढणार नाही. या दोन टोकांच्या खुंट्या पक्क्या ठोकल्या की निम्मं काम झालं.

यात घड्याळ कुठेच नाही, हे लक्षात घ्या. अमुक सेकंदांत पट्टी मिटव, असं आपण फोनला सांगितलेलं नाही. बोट हळू फिरलं तर पट्टी हळू मिटते, मध्येच थांबलं तर पट्टीही थांबते. लगाम वाचणाऱ्याच्या हातात राहतो.

पट्टीवरच्या सगळ्या वस्तूंनी एकदम जायचं नसतं. आमच्या पट्टीवर नावाखाली व्यक्तीचं छायाचित्र आणि आजची तारीख होती. पहिल्या चाळीस डीपीत छायाचित्र विरून जाईल, सत्तरपर्यंत तारीख जाईल आणि नाव शेवटपर्यंत लहान लहान होत राहील, असा क्रम आम्ही लावला. मागे जाण्याचा बाण मात्र जागचा हलायचा नाही. लग्नघरातून आधी लांबचे पाहुणे निघतात, मग जवळचे, आणि घरची माणसं घरातच राहतात, तसं हे. कोण पाहुणा आणि कोण घरचं, हे ठरवण्यातच खरी अक्कल लागते. ते संगणक ठरवून देत नाही.

हे करायला तयार साहित्यही मिळतं. गूगलने २०१५ साली अँड्रॉइडसाठी असे तयार सुटे भाग प्रोग्रॅमर मंडळींच्या हाती दिले. त्यात मोठं नाव खरोखरच लहान होत होत वरच्या जागी जाऊन बसतं. ॲपलने २०१७ साली आयफोनच्या अकराव्या आवृत्तीत मोठ्या मथळ्याची पट्टी आणली, पण तिची रीत वेगळी. तिथे मोठा मथळा वरच्या पट्टीखाली सरकून जातो आणि त्याच वेळी पट्टीच्या मध्यावर छोटा मथळा उमटतो. एकाने कपडे आवरून घेतले, दुसऱ्याने कपडे बदलले. नाव दोघांनीही टाकलेलं नाही.

आणखी एक जात आहे. तिच्यात यादी किती सरकली यापेक्षा कोणत्या दिशेला सरकते आहे हे पाहतात. खाली वाचत चाललात की पट्टी मिटते. दोनशे ओळी खाली गेल्यावरही बोट जरा उलटं फिरवलंत की पट्टी लगेच उघडायला लागते. पार वरच्या टोकापर्यंत जावं लागत नाही. लांबलचक बातम्या वाचताना ही फार सोयीची. मागे वळलेल्या माणसाला बहुधा काहीतरी शोधायचं असतं किंवा परत जायचं असतं, हा त्यामागचा अंदाज.

कागदावर हे सगळं सोपं दिसतं. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी आमची पट्टी थरथरायला लागली. गंमत म्हणजे आतोबांच्या लांब यादीत ती ठीक चालायची आणि आत्याच्या चार गोळ्यांच्या यादीत हिवताप भरल्यासारखी थडथडायची. कारण शोधायला दोन दिवस गेले. स्क्रीन समजा ६४० डीपी उंच. पट्टी १५६. यादीला उरले ४८४. आत्याची यादी होती ५२०ची, म्हणजे ३६ डीपी जास्त. ती ३६ सरकवली की पट्टी ३६ने मिटायची. त्यामुळे यादीची जागा वाढून नेमकी ५२० व्हायची. आता सगळी यादी मावते, मग सरकवायला काही उरलंच नाही, म्हणून यादी शून्यावर परत. यादी शून्यावर, म्हणून पट्टी पुन्हा पूर्ण उघडी. पट्टी उघडी, म्हणून यादी पुन्हा मावेना. एकाने उठावं तर दुसऱ्याने बसावं, असा तो खेळ चालला होता.

उपाय असा, की पट्टीने यादीची जागा वाढवायची-घटवायचीच नाही. यादी पहिल्यापासून सगळ्या स्क्रीनभर पसरायची, तिच्या डोक्यावर १५६ डीपीचा कोरा समास सोडायचा आणि पट्टी तिच्यावर तरंगती ठेवायची. मग पट्टी कितीही मिटली तरी यादीचं माप बदलत नाही आणि भांडण मिटतं. शिवाय ज्या यादीत पट्टी पुरती मिटण्याइतकं अंतरच नाही, तिथे ती मिटवायचीच नाही, असंही आम्ही ठरवलं. जागा पुरत असताना आवराआवर कशाला?

दुसरी अडचण म्हणजे अर्धवट अवस्था. पट्टी निम्मी मिटलेली असताना वाचणाऱ्याने बोट उचललं, तर नाव धड मोठं नाही आणि धड लहान नाही, तारीख अर्धी पुसलेली. अशा वेळी निम्म्याच्या आत असेल तर उघडायची, पुढे गेली असेल तर मिटवायची. अर्धं लोटलेलं दार ज्या बाजूला कललेलं असेल त्या बाजूला हलकेच ढकलावं, तसं.

तिसरी अडचण वेगाची. साध्या फोनचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजे प्रत्येक चित्राला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. सेकंदाला १२० वेळा रंगवणाऱ्या फोनवर तर ८.३च. तेवढ्यात सगळा हिशेब झाला नाही तर चित्र चुकतं आणि पट्टी अडखळत चालते. आमची अडखळत होती, कारण आम्ही दर वेळी नवीन मापाची अक्षरं मागत होतो. मग फोनला प्रत्येक जोडाक्षर, प्रत्येक वेलांटी नव्याने जुळवावी लागे. त्यापेक्षा नाव एकदाच मोठं लिहून, छायाचित्र लहान करावं तसं ते लहान करत नेणं पुष्कळ स्वस्त पडतं.

आणि चौथी अडचण खास आपल्या लिपीची. पट्टीचं माप बहुधा रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेलं असतं. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार असतात. ओळीची उंची आखडली की आधी कापली जातात तीच. सुधारलेलं ॲप आत्याच्या हाती दिलं तर तिने पट्टी मिटवून पाहिली आणि म्हणाली, ‘‘औषधं वरचा अनुस्वार कुठे गेला?’’ खरोखरच, मिटलेल्या पट्टीत ‘औषधं’चं ‘औषध’ झालं होतं. आम्ही अक्षर २०चं १८ केलं आणि ओळीला वरून थोडी जागा दिली, तेव्हा अनुस्वार जागेवर आला.

नाव जाण्यात केवढा धोका असू शकतो, याचा एक मोठा दाखला पुढे २०१९ साली जिम फिशर या प्रोग्रॅमरने जगासमोर मांडला. अँड्रॉइडवरच्या क्रोम ब्राउझरमध्ये पान वर सरकवलं की पत्त्याची पट्टी पूर्णपणे निघून जायची. त्या रिकाम्या जागी फिशर यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर एक खोटी पट्टी रंगवून दाखवली, आणि तिच्यावर पत्ता लिहिला एचएसबीसी बँकेचा. पान खाली ओढल्यावर खरी पट्टी परत यायला हवी, पण तीही येणार नाही अशी खुबी त्यांनी शोधली होती. पाहणाऱ्याला वाटावं, आपण बँकेच्याच दारात उभे आहोत. फिशर यांचा हेतू सावध करण्याचा होता, पण तीच युक्ती भामट्याला सुचायला कितीसा वेळ? दारावरची पाटी काढून ठेवली की तिथे कोणीही आपली पाटी लावू शकतो. सफारीच्या बारीक पट्टीवर नाव का राहतं, ते मला या उदाहरणानंतर पुरतं उमगलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. हलणाऱ्या गोष्टी सगळ्यांनाच सोसतात असं नाही. २०१३च्या त्याच आयफोन आवृत्तीत ॲप उघडता-मिटताना स्क्रीन झपकन जवळ यायचा, लांब जायचा. त्याने गरगरतं, मळमळतं अशा तक्रारी आल्या आणि महिन्याभरात ॲपलला हा प्रकार बंद करण्याची सोय द्यावी लागली. आज आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत हालचाल कमी करण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते. ती कोणी चालू केली असेल, तर आमची पट्टी पहिल्यापासून लहानच राहते आणि हलत नाही. आणि ज्यांना दिसत नाही, जे फोनकडून स्क्रीन वाचून घेतात, त्यांना पट्टी उघडी असो वा मिटलेली, यादी कोणाची ते नाव पहिल्यांदा ऐकू येतं.

सहाएक आठवड्यांनी मी साताऱ्याला गेलो होतो. रविवार होता. आत्या डब्या भरत बसली होती, मी नुसता पाहत होतो. यादी सरकली, छायाचित्र विरलं, तारीख गेली, आणि ‘आतोबांची औषधं’ ही अक्षरं लहान होत वरच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिने गोळी हातात घेतली, मान वर करून एकदा नाव पाहिलं आणि गोळी खणात टाकली. नवव्या गोळीपर्यंत दर वेळी तेच. पट्टी किती डीपीची आहे आणि सेकंदाला किती वेळा रंगवली जाते, याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं. नाव होतं तिथे होतं, एवढं तिला पुरे होतं.

मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली. मी म्हटलं, ‘‘येतो गं आत्या.’’

‘‘ये,’’ ती म्हणाली, ‘‘आणि ते ॲप पुन्हा बदलणार असशील तर आधी सांगून बदल.’’

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)